स्वच्छ हाताचा माणूस

डॉक्टरांनी तो शब्द अगदी सहज उच्चारला, कुंडीतल्या एखाद्या फुलझाडाचं नाव सांगावं तसा. टीनिआसिस. आणि पाण्याच्या वेडापायी घरात जिला मासोळी म्हणत त्या मुलीची पोहण्याची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या तिच्या थोरल्या काकाच्या पोटात काहीतरी हललं. खरंच हललं की तसं वाटलं, हे त्याला सांगता आलं नसतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशातलाच तो प्रकार. डॉक्टर पांढऱ्या उजेडावर लावलेल्या फिल्मवर पेनाचं टोक ठेवून बोलत होते. मुलीच्या मेंदूत दिसतोय तो ठिपका म्हणजे एका जंताची अळी. तिच्या पोटात त्या जंताचं अंडं गेलं, तिथून अळी रक्तातून वर जाऊन बसली, म्हणून फीट आली. "पण अंडं आलं कुठून?" डॉक्टरांनी शिकवणीच्या मास्तरासारखं सगळ्यांकडे पाहिलं. "तर कुणाच्या तरी पोटात तो अख्खा जंत असतो. फितीसारखा चपटा आणि लांबच लांब. त्या माणसाला जे झालेलं असतं त्याला म्हणायचं टीनिआसिस. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं की होतं. आणि गंमत अशी, की त्याला स्वतःला बहुतेक काही त्रासच नसतो. खातो, पितो, हिंडतो. फक्त शौचाहून आल्यावर हात नीट धुतले गेले नाहीत आणि त्याच हातांनी दुसऱ्याला काही कच्चं खायला दिलं, की त्या दुसऱ्याचं हे असं होतं." गंमत हा शब्द डॉक्टरांनी उगाच वापरला असं त्याला वाटलं. पिशवीतला पोहण्याचा पोशाख कोरडा होता, तरी पिशवीला तलावातल्या औषधाचा वास येत होता. पायरीवरून पाण्यात उतरता उतरता मासोळी कोसळली होती. आणखी एक पायरी उतरली असती तर, हे वाक्य घरात सगळ्यांनी सुरू केलं होतं आणि पुरं कोणीच केलं नव्हतं. "आमच्या घरात असं कोणी असणं शक्य नाही," धाकटा भाऊ, मुलीचा बाप, म्हणाला आणि ताण कमी करायचा म्हणून हसला. "डुक्कर तर सोडाच, आणि स्वयंपाक सगळा दादाच्या हातचा. दादा उठल्याबसल्या हात धुतो."  भावजय फिल्मकडे बघत होती. "तरी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या," डॉक्टर म्हणाले, "आणि हिचं पोहणं बंद. किती दिवस ते आत्ता विचारू नका." मासोळीने ते विचारलंच, आणि मग काकाकडे बघून ओठ चावत राहिली. लहानपणापासून काही बिनसलं की ती त्याच्याकडेच बघायची.

हात धुतो हे खोटं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा. आयुष्य त्यातच गेलं. काचेला बोट लागलेलं गिऱ्हाइकाला आधी दिसतं आणि अक्षर नंतर, असं दुकानाचा मालक म्हणायचा. काच हातात घ्यायच्या आधी साबण, घेतल्यावर पुन्हा साबण, मग मऊ फडका. त्याच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली असायची. पण ते दुकानात. घरी सकाळी एकच न्हाणीघर, त्यात धाकट्याची दाढी चाललेली, साबण आत अडकलेला. बाहेर मोरीवर नुसत्या पाण्याखाली हात धरायचे, पंच्याला पुसायचे आणि ओट्याशी उभं राहायचं, कारण मासोळीचा डबा सात वाजता तयार लागायचा. पोहून आल्यावर तिला भूक भूक व्हायची, म्हणून डब्यात भाजी-पोळीच्या जोडीला काकडी आणि गाजराच्या चकत्या. आणि त्याच्या उजव्या करंगळीचं नख. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू तिळापेक्षा बारीक. चिमट्याने उचलला तर उडतो, नखावर घेतला तर बसतो. म्हणून सगळे कारागीर ते एक नख राखतात, आणि काम नीट येतं की नाही हे नवखे लोक त्या नखावरून ओळखतात. त्याला त्या नखाचा अभिमान होता. काकडीच्या चकतीतल्या जून बिया तो त्याच नखाने काढायचा, एकेक, काच साफ करावी तशा. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर त्याने तो हात खिशात घातला आणि घरी पोचेपर्यंत बाहेर काढला नाही. आल्या आल्या नख कापलं. कापून झाल्यावर ते कुठे टाकावं हे त्याला कळेना. कागदात गुंडाळून, पुन्हा एका कागदात गुंडाळून, जिना उतरून रस्त्याच्या टोकाच्या कचराकुंडीत टाकून आला.

त्याला माहीत होतं. संशय नव्हे, शंका नव्हे, माहीत होतं. मागच्या वर्षी एका सकाळी शौचाला बसल्यावर त्याला पहिल्यांदा ते दिसलं होतं: पांढरट, चपटं, शिवणकामाच्या नाडीचा तुकडा असावा तसं. रात्री खाल्लेलं काही असेल म्हणून त्याने पाणी ओतलं. पुन्हा काही दिवसांनी दिसलं, तेव्हा दोन-तीन तुकडे एकमेकांना जोडलेले होते. तेव्हाही पाणी ओतलं, जरा जास्त ओतलं. नंतर तो तिथे बसून छताकडे बघायला शिकला. माणूस काय काय शिकतो. छताला पाण्याचा एक डाग होता, त्याचा आकार हळूहळू पाठ झाला. आपल्या पोटात कोणीतरी राहतंय, हा विचार दिवसा काम करताना मध्येच यायचा आणि त्याची त्याला भीती वाटण्यापेक्षा लाजच जास्त वाटायची. साठीला आलेला माणूस, बायको जाऊन चार वर्षं झालेली, भावाच्या घरी राहतोय, आणि जंत झालेत, लहान पोरासारखे. कोणाला सांगणार? धाकट्याला? धाकट्याने लगेच चेहरा पाडून डॉक्टर, तपासण्या, मोठं प्रकरण केलं असतं. भावजयीला? ज्या घरात पोट बिघडलं तरी 'जरा बरं वाटत नाही' एवढंच म्हणायची पद्धत, तिथे थोरल्या दिराने भावजयीसमोर उभं राहून हे बोलायचं? एकदा तो औषधाच्या दुकानात गेलाही होता. काउंटरवर मासोळीएवढी वाटणारी एक मुलगी उभी. "काय हवंय काका?" तिने विचारलं, आणि तो खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आला. त्या गोळ्या त्याने प्रामाणिकपणे चघळून संपवल्या.

आणि हे आलं कुठून, तर तेही भिडेतूनच. दुकानातल्या एका जोडीदाराने नवीन घर घेतलं तेव्हा गच्चीवर जेवण केलं होतं. निखाऱ्यावर डुकराचं मांस भाजत होते. घरी असलं कधी कोणी खाल्लेलं नाही, हे तो सांगू शकला असता. पण जोडीदाराने स्वतः ताट आणून दिलं, वर बायकोला हाक मारून सांगितलं, की हा माझा गुरू, ह्याच्या पोटात आधी गेलं पाहिजे. बाहेरून करपलेलं, आतून गुलाबी, दातांना रबरासारखं लागलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्याच्या आयुष्यात तिने भिकेपेक्षा मोठमोठी कामं केली होती. त्याने ते सगळं संपवलं आणि छान झालंय असंही म्हणाला.

तपासणीला नमुने द्यायच्या आधी तो दूरच्या वस्तीतल्या एका दुकानात गेला, जिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं, आणि ह्या वेळी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या नाहीत. तो शब्द त्याने कागदावर लिहून नेला होता, कारण तोंडातून निघेल की नाही याची खात्री नव्हती. दुकानदाराने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून आधी मान हलवली, मग त्याच्या तोंडाकडे पाहून एक छोटी पुडी पुढे सरकवली. एवढंसं औषध. एका वेळेला घ्यायचं, संपलं. दुसऱ्या दिवशी जे बाहेर पडलं ते त्याने पाहिलं. ह्या वेळी छताकडे बघायचं नाही असं ठरवूनच गेला होता. वीतभर नव्हे, हातभर नव्हे. काचेचा कारागीर असूनही माप घ्यायला तो धजला नाही. एवढं सगळं माझ्या आत राहत होतं, मी जेवत होतो त्यातलं जेवत होतं, आणि मी रोज तिच्या डब्याला झाकण लावत होतो. त्याला उलटी झाली, मग रडू आलं, आणि मग, हे त्याने स्वतःला कधीच माफ केलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर काही दिवसांनी त्याने इतरांबरोबर शहाण्यासारखा नमुना दिला. रिपोर्ट आले. घरात सगळे स्वच्छ. "मी म्हटलं नव्हतं?" धाकटा म्हणाला. भावजयीने थोरल्याचा रिपोर्ट हातात घेऊन वाचला, घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचला.

आता घरात नाही म्हटल्यावर बाहेर शोधणं आलंच. डॉक्टरांनी विचारलं, मुलगी बाहेर काही कच्चं, चिरलेलं खाते का? आणि धाकट्याला आठवली तलावाच्या फाटकाशी बसणारी फळवाली. पोहून झालं की मासोळी तिच्याकडून कापलेल्या फळांचा द्रोण घ्यायची. तिच्याकडूनच आलं, हे थोरल्यासमोर ठरलं, जेवणाच्या टेबलाशी, तो ताटं मांडत असताना. त्याच्या हातात पाण्याचा जग होता. तेव्हा बोलायला हवं होतं. जग खाली ठेवून, खुर्ची ओढून, दोन वाक्यं. त्याऐवजी तो म्हणाला, "पाणी गार देऊ का साधं?" धाकटा, जो रांगेत कोणी पुढे घुसलं तरी दुसरीकडे बघायचा, तो तलावाच्या व्यवस्थापकाकडे गेला, आवाज चढवून बोलला, आणि दुसऱ्या दिवसापासून फळवालीला फाटकाशी बसायला बंदी झाली. इतर पालकांनी धाकट्याचे आभार मानले. "ती मला नेहमी दोन फोडी जास्त द्यायची," मासोळी म्हणाली, आणि तिच्या आईने तिला गप्प केलं.

दुकानात त्याच्या हातून काचा फुटायला लागल्या. नख नसल्यामुळे स्क्रू सांडत होते; गुडघ्यावर बसून तो फरशीवर हात फिरवत शोधायचा. मालक चेष्टेने म्हणाला, "आता तुम्हालाच चष्मा लावायची वेळ आली." तो हसला. घरी तो साबणाने हात धुवायचा, ब्रशने घासायचा, कोपरापर्यंत, कातडी लाल होईपर्यंत, आणि धुता धुता त्याच्या मनात येई की आता धुवून काय उपयोग, आता तर ते स्वच्छच आहेत. कच्चं चिरायचं त्याने बंद केलं होतं. सगळं उकळून, वाफवून, भाजून. "काका, हे काय दवाखान्यातलं जेवण?" मासोळी म्हणायची आणि ताटात बोट फिरवत बसायची. औषधांनी तिला सतत झोप यायची. संध्याकाळी ती गॅलरीत पालथी पडून हात मारायची, हवेत, एक, दोन, श्वास, एक, दोन, श्वास. तो दाराआडून बघायचा आणि परत ओट्याशी जायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण शाळेत त्याने वाक्यात उपयोग करून लिहिली होती आणि मास्तरांनी शाबासकी दिली होती. बोललो तर काय होईल, हे तो रोज नव्याने मांडून बघायचा. हे घर आपलं आहे ते ह्या ओट्यामुळे. भावजय कामावर जाते, आपण रांधतो, म्हणून भावाच्या दारात राहणं हे राहणं वाटतं, पडून राहणं वाटत नाही. ओटा गेला की आपण कोण? आणि पोर कुणाकडे बघणार मग? ह्या शेवटच्या प्रश्नाशी आलं की त्याला आपल्या हिशेबाची किळस यायची, कारण तो प्रश्नसुद्धा पोरीबद्दल नव्हता, स्वतःबद्दलच होता.

रविवारी दुपारी फळवाली दारात आली. पत्ता तिने तलावावरच्या पहारेकऱ्याकडून काढला होता. पन्नाशीची, इस्त्रीची साडी नेसून, डोक्याला तेल लावून आलेली. कुणाच्या घरी लग्नाला जावं तशी. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता. "साहेब, मी माझी तपासणी करून घेतली," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "काही निघालं नाही. तेवढं तलावावर सांगाल का? तुमच्या शब्दावर मला उठवलंय, तुमच्याच शब्दावर बसवतील." धाकट्याने कागद घेतला, वाचल्यासारखं केलं. "बाई, तुमच्यावर माझा राग नाही," तो म्हणाला, "पण आता निघालं नाही म्हणजे तेव्हा नव्हतं असं होत नाही ना. औषध घेऊनही माणूस येऊ शकतो." "मी कशाला औषध घेऊ?" बाईला खरंच कळलं नव्हतं. "मला काय माहीत, हे असतं म्हणून?" थोरला स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हाताला कणीक लागलेली. धाकट्याचं वाक्य त्याला तोंडात मारल्यासारखं लागलं. दोन पावलं तो पुढे आला. तेवढ्यात भावजय त्याच्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आत जा. भाजी लागेल खाली."

भाजी गॅसवर नव्हती. तिला ते माहीत होतं, आणि तिला आणखी काय माहीत आहे हे त्या क्षणी त्याला कळलं. आत जाता आलं असतं. तिने दार उघडून दिलं होतं, त्यातून नेहमीसारखं अंग चोरून आत जायचं, एवढंच होतं. फळवाली आपला कागद पुन्हा पिशवीत घालत होती. पिशवीचं तोंड उघडत नव्हतं, म्हणून तिने बोटाला थुंकी लावली, मग कोणी बघितलं की काय म्हणून ओशाळून ते बोट पदराला पुसलं. "त्यांचा काही संबंध नाही," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझ्या पोटात होता. वर्षभर होता. मला माहीत होतं. तपासणीच्या आधी मी औषध घेतलं." धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. "दादा, काय बोलतोयस तू? कशाला उगाच अंगावर घेतोस?" "उगाच नाही रे. डबा मीच भरत होतो." बाईने एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं ती ओरडेल, निदान शिव्या देईल. त्याची तयारी होती, जवळजवळ इच्छा होती. तिने फक्त विचारलं, "मग सांगाल ना तलावावर?" "आत्ता येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. आणि कणकेचे हात तसेच घेऊन तो चपला शोधायला लागला.

व्यवस्थापकाला त्याने सगळं सांगितलं. व्यवस्थापकाने खुर्ची जराशी मागे घेतली. परत आला तेव्हा धाकटा बाहेर निघून गेला होता आणि भावजय ओट्याशी उभी होती. तिने त्याचीच कणीक पुढे मळायला घेतली होती. तो दारातच थांबला. "मी पाहिलं होतं, भाऊजी," ती पाठमोरीच म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात. पाणी नीट गेलं नव्हतं. मला वाटलं, तुमचंच असणार. म्हटलं यांच्याकडून सांगावं, मग म्हटलं तुम्हाला काय वाटेल. मोठ्या माणसाला असं कसं बोलायचं?" तिचे हात थांबले. "आई आहे मी तिची. आणि मला तुमच्या मानाची पडली होती." मग ती रडायला लागली, कणकेवरच.  बोलून टाकलं की हलकं वाटेल, असा त्याचा हिशेब होता; आता आपलं ओझं तर होतंच, वर तिचंही त्याला दिसायला लागलं होतं. तिला खांद्यावर हात ठेवून धीर द्यायचीही त्यांच्यात पद्धत नव्हती. "उद्यापासून स्वयंपाक मी करीन," ती डोळे पुसून म्हणाली, रागाने नव्हे. तो बरं म्हणाला.

मासोळी गॅलरीत होती. तिने सगळं ऐकलं असणार. त्या घरात भिंती असून नसल्यासारख्या. तो तिच्यापासून लांब, दाराला टेकून जमिनीवर बसला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुन्हा, जागा पुरत नव्हती.  मग तिने विचारलं, "केवढा होता?" त्याने एक हात पसरला, मग दुसरा पसरला, आणि तेवढ्यानेही भागेना म्हणून दोन्ही खाली घेतले. "ई," ती म्हणाली. तिच्या ओठाचा कोपरा नेहमीसारखा वर गेला, खट्याळ पोरीसारखा, आणि अर्ध्यावर थांबला. "आणि तू कोणालाच सांगितलं नाहीस?" "लाज वाटली गं," तो म्हणाला. "तुम्ही सगळे काय म्हणाल असं वाटलं. तू काय म्हणशील." ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत राग येईल म्हणून तो वाट बघत होता तो येईना. आलं ते नुसतं पाणी.

"मी हसले असते, काका," ती म्हणाली. "दोन दिवस तुला चिडवलं असतं. एवढंच झालं असतं."